जपानी फ्यूजन हॉटेलात काय, कसं आणि किती मागवावं : सोलापूरकरांसाठी

सोलापुरात मटणाच्या हॉटेलात शिरलं की ऑर्डर द्यायला अर्धा मिनिटही लागत नाही. सुकं मटण, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा-लिंबू. सगळं एकदम येतं, ज्याचं त्याच्या ताटात येतं आणि ताटात काय आहे ते डोळ्यांना दिसतं. जपानी फ्यूजन, म्हणजे जपानी स्वयंपाकात इतर देशांच्या चवी मिसळणाऱ्या, हॉटेलात या तिन्ही सवयी अडचणीत आणतात. तिथं पदार्थ जसे तयार होतील तसे येतात, प्रत्येक प्लेट टेबलाच्या मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायची असते, आणि शाकाहारी दिसणाऱ्या वाटीत मासा असू शकतो. पहिल्या दोन गोष्टींनी फार तर बिल वाढतं. तिसरीनं श्रावण मोडतो.

जाण्याआधी

हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्यात उतरून संध्याकाळी त्याच गाडीनं परतायचं असेल तर दुपारचं जेवण धरा. अशा हॉटेलांची स्वयंपाकघरं बहुधा दुपारी तीनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सातला उघडतात. म्हणजे अडीचला पोचलात तर शेफ आवरायच्या घाईत असणार. एक वाजेपर्यंत टेबलावर बसलेले असा. दुपारी बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या भावाचं सेट लंच किंवा बेन्तो मिळतं. डब्याच्या कप्प्यांत भात, तळलेलं काही, सॅलड, सूप असं थोडं थोडं येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला चव घेऊन बघायला याहून स्वस्त मार्ग नाही.

टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हाच तीन गोष्टी सांगून टाका: किती जण आहात, त्यात शाकाहारी किंवा जैन किती, आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे. सोयाबीन, तीळ, गहू, अंडं आणि कोळंबी-खेकडा यांशिवाय हे स्वयंपाकघर जवळपास चालत नाही. सोया सॉसमध्येसुद्धा गहू असतो. ऐनवेळी टेबलावर सांगितलं तर वेटर मान डोलावतो आणि आतमध्ये निरोप अर्धाच पोचतो.

फ्यूजन या शब्दाचं एवढं काय

तो ऐकून नाक मुरडणारे भेटतात. पण जपानी स्वयंपाकघर पूर्वीपासून उसनवारीवर पोसलेलं आहे. टेम्पुराची, म्हणजे पातळ पिठात बुडवलेल्या भाज्यांची आणि कोळंबीची, तळण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तिथं पोचली. करी गेली ती ब्रिटिशांच्या हातून, म्हणून तिच्यात पिठाचा दाटपणा आहे. आणि 1927 मध्ये तोक्योतल्या नाकामुराया या दुकानात अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ती जपानात आश्रयाला राहिलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. उलट दिशेनं, 1899 पासून पेरूत जाऊन राहिलेल्या जपान्यांनी कच्चा मासा, लिंबू आणि मिरची यांचं लग्न लावून निक्केई स्वयंपाक घडवला. शेफ नोबू मात्सुहिसा पेरूच्या राजधानीत, लिमात, काम करून तेच शिकले आणि 1987 मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्सला स्वतःचं हॉटेल काढलं. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, मुरवलेला ब्लॅक कॉड मासा आज जगभरच्या मेनूंवर दिसतो तो त्यांच्यामुळे.

तेव्हा मेनूवर पनीर टिक्का माकी (नोरी या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भाताबरोबर गुंडाळलेला रोल) किंवा बटर चिकन ग्योझा (मोमोची जपानी बहीण) दिसला म्हणून लगेच हसू नका. कसोटी वेगळी लावा: पदार्थाखालच्या ओळीत सॉस किती लिहिलेत ते मोजा. एक असेल तर शेफला काहीतरी सांगायचं आहे. स्पायसी मेयो, सोया सॉसची गोडसर तेरियाकी आणि वर ट्रफल तेल असे तीन दिसले, तर आतला भात आणि मासा कसा आहे हे झाकायची ती सोय आहे. ड्रॅगन, रेनबो, डायनामाइट या नावांनाही ठरलेला अर्थ नाही. एका ठिकाणी ड्रॅगन रोलवर नुसता ॲव्होकाडो असतो, दुसऱ्या ठिकाणी आत वाम माशाची जपानी भावकी. नावावर जाऊ नका, विचारा.

ऑर्डर तीन फेऱ्यांत द्या

सगळी ऑर्डर एकदम दिली की दहा मिनिटांत टेबल भरतं, टेम्पुरा मऊ पडतो, सूप गार होतं आणि पोट भरल्यावर उरलेली अर्धी सुशी (व्हिनेगर घातलेल्या भाताचे रोल आणि गोळे) तुमच्याकडे बघत बसते. दोघांसाठी असं करा.

पहिल्या फेरीत एक प्लेट एडामामे आणि एक थंड पदार्थ: काकडीचं किंवा समुद्री शेवाळाचं सॅलड, कच्चा मासा खाणार असाल तर साशिमी, म्हणजे भाताविना नुसते माशाचे काप. एडामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, उकडून मीठ भुरभुरलेल्या. हुरड्याच्या दिवसांत तुरीच्या शेंगा उकडून खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शेंग ओठांत धरून दाताने दाणे ओढायचे, साल बाजूच्या रिकाम्या वाटीत टाकायचं. बारमध्ये बसलात तर याहून चांगला चकना नाही.

दुसऱ्या फेरीत एक रोल आणि एक गरम स्टार्टर. कापलेल्या रोलचे साधारण 6 किंवा 8 तुकडे येतात, निगिरीचे (भाताच्या गोळ्यावर माशाची पट्टी) बहुधा 2, ग्योझाचे 5 किंवा 6. चौघे असाल तर एकाच रोलच्या दोन प्लेट मागवण्यापेक्षा दोन वेगळे रोल मागवा. ग्योझाची एक बाजू तव्यावर खरपूस झालेली हवी आणि वरची बाजू वाफेवर मऊ. चारी बाजूंनी सारखा तपकिरी आला तर तो कढईत तळलेला आहे. वाईट लागत नाही, पण मग त्याची करंजी झाली.

तिसरी फेरी भूक बघून. रामेन (रश्शातल्या शेवया), उदोन, कात्सु करी किंवा फ्राइड राइस यांतलं एकच काहीतरी मधे ठेवून वाटून घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी उदोन मागवा. गव्हाच्या जाड, मऊ शेवया असतात, चावायला त्रास नाही. कात्सु करी म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात तळलेल्या तुकड्यावर दाट, किंचित गोडसर करी. आपल्या जिभेला ही पहिल्या घासात ओळखीची वाटते.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवायचं कारण साधं आहे. कच्च्या माशाची आणि दाशीची, म्हणजे जपानी सूपच्या पाण्याची, चव इतकी बारीक असते की आधी तिखट मेयो तोंडात गेलं की ती उरतच नाही. शेंगाचटणी खाऊन झाल्यावर साधं वरण जसं पाणी लागतं, तसंच.

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा

मासा तुकड्यात शोधू नका, पाण्यात शोधा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा दोन वस्तूंची असते: कोम्बू नावाचं वाळलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक झाल्यावर रंधा मारून काढलेले कपटे. हे पाणी गाळलेलं, स्वच्छ, फिकट सोनेरी दिसतं. त्यात मिसो घोळलं की वाटीत ढग उतरल्यासारखे तरंगतात, वर टोफूचे चौकोन आणि कांद्याची पात. बघणाऱ्याला शंभर टक्के शाकाहारी. मेनूवर हिरवा ठिपकासुद्धा कधी कधी असतो, कारण मेनू छापणाऱ्यानं टोफू बघितलेला असतो, पातेलं नाही.

मिसो सूप एवढ्यावरच हे थांबत नाही. टेम्पुराबरोबर येणारा पातळ तपकिरी सॉस, आगेदाशी, म्हणजे तळलेल्या, टोफूखालचं पाणी, उदोनचा रस्सा, इनारी सुशीची गोडसर टोफूची पिशवी, या सगळ्यांत दाशी असते. पोन्झु या आंबट सॉसमध्ये बहुधा कात्सुओबुशी असतेच. भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत माशाचे कण असतात. ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्यावर जे पातळ कपटे गरम वाफेनं हलताना दिसतात, ते मासाच. मुलांना ते नाचताना बघायला आवडतं, तेवढ्यात आजीच्या ताटात जातात.

फ्यूजनवाल्यांचे आणखी चार सापळे. किमची: तिच्यात बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा सॉस. ऑयस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस: फ्राइड राइस आणि परतलेल्या भाज्यांत. जपानी मेयोनीज: अंड्याच्या बलकाचं. आणि रोलवरचे बारीक नारिंगी मोती, ज्यांना तोबिको म्हणतात. ते रंगवलेले साबुदाणे नव्हेत, माशाची अंडी आहेत. टेम्पुराच्या पिठात बहुधा अंडं असतं. मिरिन हे स्वयंपाकात वापरायचं गोड तांदळाचं मद्य असून खऱ्या मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के अल्कोहोल असतं, तेरियाकीची चकाकी त्याचीच. दारू अजिबात न चालणाऱ्यांनी त्याचीही चौकशी करावी.

वेटरला 'हे व्हेज आहे ना?' असं विचारू नका. उत्तर 'हो सर' असंच येतं. प्रश्न असे विचारा: 'सूपचं पाणी कशाचं काढलंय? त्यात बोनिटो आहे का?' 'दाशीची पावडर वापरता का?' 'मेयोत अंडं आहे का?' 'व्हेज आणि नॉनव्हेज एकाच कढईत तळता का?' वेटर 'आत विचारून सांगतो' म्हणाला तर तो चांगला वेटर आहे. लगेच 'काही नाही सर, प्युअर व्हेज' म्हणाला तर कॅप्टनला बोलवा. चांगल्या स्वयंपाकघरात शाकाहारी दाशी करता येते: कोम्बू आणि वाळलेली शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवून. चव कमी नसते, कारण उमामीचा, म्हणजे दाशीच्या त्या भरीव चवीचा, मोठा वाटा कोम्बूचाच. 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी याच शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि पुढच्या वर्षी ते आजिनोमोटो या नावानं बाजारात आलं. चायनीजच्या गाडीवर चमचाभर पडणारी ती पांढरी पूड मुळात जपानी, आणि जन्मानं शाकाहारी.

जैन मंडळींचं गणित आणखी अवघड, कारण कांदा, लसूण, आलं आणि मशरूम हे सगळंच वगळायचं. मोकळेपणानं खाता येण्याजोगं म्हणजे एडामामे, काकडीची कप्पा माकी, ॲव्होकाडो रोल मेयोशिवाय, आणि साधा भात. लोणच्याचं आलं आधीच बाजूला काढायला सांगा. एवढ्यासाठी चार तास प्रवास करावा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कच्चा मासा: भीती कुठं बाळगायची आणि कुठं नाही

समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे 'एवढ्या आत ताजा मासा कुठून येणार' हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वेगळं आहे. सुशीसाठीचा मासा गोठवलेला असणं ही सुरक्षिततेची बाजू आहे. उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवल्यावर माशातले परजीवी कृमी मरतात. घरच्या फ्रीझरचा भरवसा नाही, त्याचं तापमान दार उघडलं की वरखाली होतं. मात्र गोठवून जंतू मरत नाहीत, ते फक्त झोपतात. म्हणून मासा वितळल्यावर किती वेळ बाहेर होता, हा खरा प्रश्न. 'आज सकाळी पकडलेला आहे' असं सांगणाऱ्यापेक्षा 'गोठवलेला येतो, आज सकाळी फ्रिजमध्ये वितळवला' असं सांगणारा शेफ जास्त विश्वासाचा.

साशिमी ताटात आली की आधी वास घ्या. समुद्राचा हलका वास चालतो, मासळीबाजाराचा चालत नाही. पृष्ठभाग ओलसर चकाकता हवा, बुळबुळीत किंवा कडेनं सुकून गडद झालेला नको. शंका आली तर परत पाठवा, लाजू नका. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्क माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांनी कच्चा मासा खाऊच नये. त्यांच्यासाठी शिजवलेल्या कोळंबीचा किंवा टेम्पुराचा रोल मागवता येतो. क्रॅब स्टिक नावाचा लाल-पांढरा तुकडा खेकडा नसतो, माशाच्या लगद्याचा असतो आणि शिजवलेला असतो.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. हॉटेलात खाऊन घरी आल्यावर उजनीच्या चिलापीची सुशी करून बघायची हौस कुणाला येते. नको. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नाही, कितीही ताजा असला तरी. चिलापी तव्यावरच बरी.

हात, काड्या आणि सोया सॉस

बसल्या बसल्या गरम किंवा गार ओला टॉवेल येतो. तो हातांसाठी. एप्रिलच्या उन्हातून आलं की तोंड, मान, कान सगळं पुसायचा मोह होतो. बेसिन जवळच असतं.

चॉपस्टिकमधली खालची काडी हलवायचीच नाही, ही सगळी युक्ती. ती अंगठ्याच्या बेचक्यात बसवा आणि अनामिकेच्या पहिल्या पेरावर टेकवा. वरची काडी पेनासारखी धरा: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. आता फक्त वरची वरखाली करा. टोकं एकमेकांना भेटत नसतील तर दोन्ही काड्या पुढे-मागे झाल्या आहेत; टेबलावर उभ्या आपटून सारख्या करा आणि मध्यापेक्षा थोडं मागे धरा. जमलं नाही तर काटा मागा, कुणी काही म्हणत नाही. सुशी तर हातानं खाणं जपानातही शिष्टसंमत आहे. आपल्याला पाच बोटांची सवय आहेच.

दोन गोष्टी मात्र टाळा. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. तिथं तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. आणि एका काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका, कारण दहनानंतर अस्थी सावडताना नातेवाईक तसंच करतात. हे कळल्यावर सोलापूरच्या माणसाला तिसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता एक निगिरी जवळून बघू. हाताच्या दोन बोटांएवढा भाताचा लांबट गोळा, वर माशाची पट्टी. भात व्हिनेगर, साखर आणि मिठाचा असतो आणि अंगाएवढा कोमट हवा. गार आणि दाणे कडक लागले तर तो फ्रिजमधून आलेला आहे; गारठ्यात तांदळाचा स्टार्च पुन्हा घट्ट होतो, रात्रीचा भात सकाळी होतो तसा. गोळा अंगठा आणि दोन बोटांनी बाजूंनी धरा, हळूच उताणा करा आणि फक्त माशाची कड सोया सॉसला लावा. भाताची बाजू बुडवली की भात सॉस पिऊन घेतो, विस्कटतो, तुकडे वाटीत पडतात आणि उरलेला घास नुसता खारट. मग अख्खा तोंडात. अर्धा चावून परत ठेवायचा नाही, तो सुटतो.

वाटीत सोया सॉस चमचाभरच ओता. एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम धरतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी कमी मिठाचा सॉस मागावा आणि रामेनचा रस्सा तळापर्यंत पिऊ नये.

हिरवी वसाबी ही चटणी नव्हे. तिचा तिखटपणा मिरचीचा नसून मोहरीच्या जातीचा, म्हणून तो जिभेवर न थांबता नाकातून डोक्यात जातो. मसुराच्या दाण्याएवढी पुष्कळ झाली. जास्त गेली तर पाणी पिऊन उपयोग नाही. नाकानं श्वास घ्या आणि तोंडानं सोडा, अर्ध्या मिनिटात उतरते. बहुतेक ठिकाणी मिळते ती खरी वसाबी नसून हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतो. फसवणूक म्हणून भांडायची गरज नाही. खरी वसाबी महाग आणि किसल्यावर काही मिनिटांत चव सोडणारी असते. गुलाबी आलं सुशीवर ठेवून खाऊ नका. एक मासा संपवून दुसरा खाण्याआधी तोंड साफ करायला ते असतं, आपल्याकडच्या बडीशेपेसारखं, फक्त मध्येच.

सगळं फिकं लागतंय, तिखट हवंय? शेजवान चटणी मागू नका. 'शिचिमी' मागा. लाल मिरची, तीळ, संत्र्याची साल, सान्शो मिरी, शेवाळ अशा सात जिनसांची कोरडी पूड असते. उदोनवर, ग्योझावर, काडीला टोचून कोळशावर भाजलेल्या चिकनवर, म्हणजे याकितोरीवर, बिनधास्त भुरभुरा.

टेम्पुरा बघून आपल्याकडे हमखास तक्रार येते: 'कच्चा आहे, लाल झालाच नाही.' तो तसाच हवा. गव्हाचं पीठ बर्फासारख्या पाण्यात अर्धवट कालवतात, गुठळ्या राहिल्या तरी चालतात, कारण जास्त घोटलं की चिवट होतं. सुमारे 170 ते 180 अंशांच्या तेलात थोडाच वेळ. आवरण फिकट आणि जाळीदार, चावल्यावर आवाज. आल्यापासून पाच मिनिटांत खा. फोटो काढत बसलात तर भज्यांना बसून राहायची सवय आहे, टेम्पुऱ्याला नाही. हातात धरायचा शंकूसारखा तेमाकी रोल तर याहून घाईचा. त्याची नोरी मिनिट-दोन मिनिटांत भाताचा ओलावा ओढते आणि मग रबर चावल्यासारखी लागते. तो वाटून खायचा नाही, ज्यानं मागवला त्यानं लगेच खायचा.

बारकडे वळताना

साके म्हणजे तांदळाची दारू एवढंच सांगून वेटर मोकळा होतो. ती वाफाळून काढत नाहीत, बिअरसारखी आंबवतात. कोजी नावाची बुरशी तांदळाच्या स्टार्चची साखर करते आणि यीस्ट तिचं अल्कोहोल. ताकद सुमारे 15 ते 16 टक्के. चव नरम, जळजळ नाही, पेला छोटा, म्हणून अंदाज चुकतो. हिशोब करून बघा: 180 मिलिलिटरची एक सुरई 15 टक्क्यांनी म्हणजे 27 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा 60 मिलिलिटरचा लार्ज पेग 42.8 टक्क्यांनी जवळपास 26. म्हणजे एक सुरई संपली की एक लार्ज झाला. 'दोन सुरया, ती काय दारू आहे' असं म्हणून उठणाऱ्याचा तोल दारातच जातो.

लेबलवर जुनमाई लिहिलं असेल तर त्यात वेगळं अल्कोहोल घातलेलं नाही. गिंजो म्हणजे तांदूळ घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरवलेला, दाइगिंजो म्हणजे 50 टक्के किंवा कमी. दाणा जितका जास्त घासला तितका सुवास फळांसारखा आणि भाव चढा. गिंजो-दाइगिंजो थंडच घ्या, तापवलं की तो सुवास उडून जातो. गरम साके हवी असेल तर साधी जुनमाई घ्या. पेल्यानं मागवताना बाटली कधी उघडली ते विचारा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर ठीक राहते. बारच्या फळीवर दिव्याखाली महिनाभर उभी असलेली आंबूस आणि म्हातारी लागते. ज्या गावात साके फार खपत नाही तिथं ही तक्रार हमखास.

कधी पेला लाकडी चौकोनी डब्यात ठेवून साके ओतून बाहेर सांडेपर्यंत भरतात. वेटरचा हात चुकलेला नाही, तो यजमानाचा दिलदारपणा. आधी वाकून एक घोट घ्या, मग पेला उचला, डब्यातलीही प्या.

तळलेल्या पदार्थांबरोबर साकेपेक्षा बिअर किंवा हायबॉल बरा. हायबॉल म्हणजे एक भाग व्हिस्कीला तीन-चार भाग सोडा आणि पेला काठोकाठ बर्फ. आपल्या नेहमीच्या पेगपेक्षा पातळ, म्हणून जेवणाबरोबर चालतो. लीचीचं गोड कॉकटेल साशिमीबरोबर घेऊ नका, मासा कळणारच नाही. उमेशु हे आंबट-गोड फळाचं मद्य शेवटी, बर्फावर. न पिणाऱ्यांनी भाजलेल्या तांदळाचा गेनमाईचा चहा मागावा, खरपूस लागतो. रात्री झोप प्यारी असेल तर माचा (हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा) टाळा, त्यात भरपूर कॅफीन असतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा ओळखपत्र खिशात ठेवा. आषाढी एकादशी आणि 2 ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला बार बंद असतो; पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाला आषाढी विसरता येत नाही, 2 ऑक्टोबर विसरतात. आणि गाडी घेऊन आला असाल तर चालवणाऱ्यानं घेऊच नये. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा एका सुरईत ओलांडली जाऊ शकते, आणि पुढे सोलापूरचा अडीचशे किलोमीटरचा हायवे आहे.

बिल

जेवणावर जीएसटी साधारण 5 टक्के. खोलीचं भाडं 7500 रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलाच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर 18. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर व्हॅट वेगळा, म्हणून बिलात दोन भाग दिसतात. दारूच्या रकमेवरही जीएसटी लावलेला दिसला तर दुरुस्त करून घ्या. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. काढायला सांगा, काढत नसतील तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. सेवा आवडली असेल तर टीप वेटरच्या हातात द्या.

पार्सल

घरच्यांसाठी सुशी बांधून घ्यायचा विचार सोडा. साध्या हवेत असं अन्न दोन तासांपुढे बाहेर ठेवायचं नाही, उन्हाळ्यात 32 अंशांच्या वर तर एकच तास, आणि पुण्याहून कारनं चार-पाच तास लागतात. शिजवलेल्या ग्योझालाही हाच नियम. न्यायचंच असेल तर कोरडं न्या: दुकानात मिळणारं नोरीचं पाकीट, शिचिमीची डबी, मिसोचा डबा. मिसो उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतं. सूप करताना आधी गॅस बंद करा, मग वाटीभर पाण्याला एक चमचा मिसो घोळा, उकळलं की त्याचा वास जातो. नोरी घरी येईपर्यंत मऊ पडली असेल तर चिमट्यात धरून पापडासारखी गॅसच्या आचेवरून दोन-तीन सेकंद फिरवा. हिरवट रंग आला आणि बोटांत मोडताना आवाज झाला की झालं.